दर्शनाचा हक्क आणि हिशेबाचा हक्क

देवस्थानाच्या, मठाच्या किंवा कोणत्याही धार्मिक ट्रस्टच्या उत्पन्नाचा हिशेब विचारला की उत्तराऐवजी उलटा प्रश्न येतो: "तुम्ही कोण विचारणारे?" तुम्ही आमचे भक्त नाही, दानपेटीत तुम्ही दमडी टाकलेली नाही, तुम्ही तर धर्मच सोडला, मग तुमचा संबंध काय? आंबेडकरी कार्यकर्त्याला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. आम्ही तो टाळत नाही. हा प्रश्न आजचा नाही, तो दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातही लिहिलेला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

सुरुवातीला करमाफी म्हणजे काय ते स्पष्ट करू. सरकारने एखाद्या संस्थेचा कर माफ केला म्हणजे तिजोरीत येणारी तेवढी रक्कम आली नाही. रस्ते, दवाखाने, शाळा, शिष्यवृत्त्या यांचा खर्च त्यामुळे कमी होत नाही. तो खर्च उरलेले लोक भरतात, किंवा तो होतच नाही. साबणाच्या वडीवर आणि औषधाच्या गोळीवर कर भरणारी आमची मोलकरीण बहीणसुद्धा या माफीचा वाटा उचलते. म्हणजे करमाफी ही सर्व जनतेने न विचारता दिलेली देणगी आहे. देणगी देणाऱ्याने पावती मागितली तर त्यात गैर काय?

इनामाची जमीन, वतनाची जमीन

करमाफी हा शब्द नवा, व्यवहार जुना. आपल्याकडे त्याचे नाव इनाम होते. राजे, सरदार आणि पेशवे यांनी देवळांना, मठांना, दर्ग्यांना जमिनी आणि गावे लावून दिली. त्या जमिनीचा सारा सरकारात न जाता देवस्थानाकडे जाई. इंग्रज आल्यावर १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले, सनदा तपासल्या गेल्या, अनेक खाजगी इनामदारांची झोप उडाली. पण देवस्थान इनामे बहुतांशी कायम झाली आणि महसुली दप्तरात 'वर्ग ३' म्हणून बसली. काहींवर किरकोळ सलामी किंवा जुडी होती, एवढेच.

त्याच गावात दुसरी एक जमीन होती, महार वतनाची. ती फुकट नव्हती. तिच्या मोबदल्यात वेसकरी, सरकारी माणसांचे सामान वाहणे, सांगावे पोचवणे, रात्री-अपरात्री राबणे आले. शिवाय तिच्यावर जुडी होती, आणि ती वाढवण्याचे प्रयत्नही झाले. त्याविरुद्ध १६ डिसेंबर १९३९ रोजी नगर जिल्ह्यातल्या हरेगावला परिषद भरली आणि बाबासाहेबांनी तेथे सरकारला बजावले. एका जमिनीला पूजेच्या नावाने माफी आणि दुसऱ्या जमिनीला राबणुकीवर आणखी पट्टी, हा आमच्या गावगाड्याचा ताळेबंद होता. ज्या देवळाला माफी होती, त्या देवळात राबणाऱ्याला पाय ठेवायची बंदी होती.

पुढेही हा फरक टिकला. १९५० च्या दशकात व्यक्तिगत इनामे रद्द करणारा कायदा आला, त्यातून देवस्थान इनामे वगळली गेली. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले हे चांगलेच झाले, बाबासाहेब १९२८ पासून त्यासाठी कौन्सिलात झगडत होते. पण बापजाद्यांनी राबून राखलेली जमीन आपल्या नावावर करून घ्यायला ताबा-किंमत भरावी लागली, आणि ती विकायला कलेक्टरच्या परवानगीची अट आली.

दक्षिणेचा पैसा कुणाचा?

पुण्याच्या दक्षिणेची गोष्ट शाळेच्या पुस्तकात दानशूरपणा म्हणून येते. तळेगावच्या खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना रोकड वाटली जाई. हा पैसा पेशव्यांच्या घरातला नव्हता. तो साऱ्याचा होता, कुणब्याच्या आणि माळ्याच्या शेतातून आलेला.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने ही रक्कम सालीना ५० हजारांच्या आसपास आणली. तीतूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तीही ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. राज्य बदलले, पैसे भरणारे तेच राहिले आणि घेणारेही तेच.

१८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी, त्यांत लोकहितवादीही होते, या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी खर्च करावा असा अर्ज सरकारकडे केला. सनातनी खवळले. अर्जदारांच्या पाठीशी तरुण जोतीराव फुले महार-मांग मंडळींना घेऊन उभे राहिले, ही हकिगत त्यांच्या चरित्रात येते. सार्वजनिक पैसा एका जातीच्या पूजेअर्चेवर का जावा, हा प्रश्न तेव्हा प्रथम जाहीरपणे विचारला गेला.

जोतीरावांनी पुढे १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्याच हिशेबाची दुसरी बाजू लिहिली. जन्म, नामकरण, लग्न, घरबांधणी, ग्रहण, मरण, श्राद्ध अशा प्रत्येक निमित्ताने धर्माच्या नावाखाली शेतकऱ्याच्या घरातून काय काय जाते, याची त्यांनी एकामागून एक मोजदाद केली. आम्ही त्याला धर्मसंस्थांचे पहिले लोक-ऑडिट म्हणतो. देवळाच्या वहीत जमा काय झाले ते पुजारी लिहितो. शेतकऱ्याच्या घरातून गेले काय, ते जोतीरावांनी लिहिले.

"हितसंबंधी" कोण?

आता कायद्याकडे येऊ, कारण मूळ गाठ तेथेच आहे.

कंपनी सरकारने बंगालमध्ये १८१० आणि मद्रासेत १८१७ च्या रेग्युलेशनांनी देवस्थानांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवली होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ओरड केली की ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेची व्यवस्था का पाहते? शेवटी १८६३ च्या विसाव्या कायद्याने सरकारने अंग काढून घेतले आणि त्या प्रांतांतला कारभार विश्वस्त व स्थानिक कमिट्यांकडे सोपवला. त्या कायद्यात हिशेबाची तरतूद होती. जमाखर्च नियमित ठेवावा आणि कमिटीने तो वर्षातून निदान एकदा पाहावा, असे लिहिले होते. गैरव्यवहार झाला तर 'हितसंबंधी' व्यक्तीला कोर्टात जाता येत होते.

हितसंबंधी कोण? कायद्याने उत्तर दिले: ज्याला तेथील पूजेला हजर राहण्याचा हक्क आहे किंवा जो तसा नेहमी हजर राहतो, अथवा तेथील दानधर्माचा ज्याला लाभ मिळतो, तो.

ही व्याख्या वाचताना आमच्या अंगावर काटा येतो. ज्याला पूजेला हजर राहू देत, त्यालाच हिशेब विचारता येईल. ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याला दर्शन नाही म्हणून हितसंबंध नाही, आणि हितसंबंध नाही म्हणून हिशेब नाही. अस्पृश्यता ही केवळ विटाळाची बाब नव्हती. ती हिशेबापासून दूर ठेवण्याचीही व्यवस्था होती. बाहेर ठेवलेला माणूस आतली वही पाहू शकत नाही.

मुंबई इलाख्यात हाच प्रश्न दिवाणी प्रक्रिया संहितेतून आला. १९०८ च्या संहितेतील कलम ९२ प्रमाणे सार्वजनिक ट्रस्टविरुद्ध दावा लावायला दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्ती आणि ॲडव्होकेट जनरलची लेखी संमती लागे. दरम्यान १८८६ च्या आयकर कायद्याने केवळ धार्मिक वा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेच्या उत्पन्नाला करातून सूट दिलेली होती. म्हणजे सूट सर्वांच्या खर्चाने, आणि हिशेब मात्र आतल्यांचा आतल्यांना.

महाडचे सूत्र

या कोंडीवरचे उत्तर मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी आले. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, दवाखाने, कोर्टकचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करा असे सांगितले. त्या आधारावर महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्रत्यक्ष प्राशन करून तो हक्क खरा केला.

बोले ठरावाची खरी ताकद त्याच्या निकषात आहे. तळे पवित्र की अपवित्र, त्यावर कोणाची श्रद्धा, हा मुद्दाच त्यात नाही. पैसा कोणाचा, एवढेच विचारले आहे. सार्वजनिक पैसा जेथे, सार्वजनिक हक्क तेथे. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये हेच सूत्र आले, आणि तेथे 'पूर्णतः किंवा अंशतः' राज्याच्या पैशातून चालणाऱ्या जागा असे म्हटले आहे. 'अंशतः' हा शब्द आपण विसरू नये.

आमचे म्हणणे असे की करमाफी हाही अंशतः सार्वजनिक पैसाच आहे. तळ्याला लागू झालेले सूत्र दानपेटीला का लागू होऊ नये?

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो देवाच्या ओढीने नव्हता, माणुसकीच्या हक्कासाठी होता, हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितले आहे. वरची व्याख्या लक्षात ठेवून पाहिले तर त्या सत्याग्रहाचा आणखी एक अर्थ दिसतो. दार उघडले असते तर वहीही उघडली असती. आत येणारा माणूस पुढे विचारणारच: या देवाच्या जमिनी किती, वाटा कोण घेतो?

१९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त तर बाबासाहेबांनी पुरोहितवर्गाचा प्रश्न थेट कारभाराचा प्रश्न म्हणून मांडला. पौरोहित्य वंशपरंपरेने नको, परीक्षा आणि सनद असावी, पुरोहित राज्याचा नोकर असावा, त्याला शिस्तीचे नियम लागू असावेत आणि त्यांची संख्या कायद्याने ठरावी. ज्या धंद्यावर कोणतेच नियंत्रण नाही असा हा एकच धंदा का, हा त्यामागचा सवाल होता.

घटना, १९५० आणि १९५४

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण जयंतीला सांगतो. हिशेबाविषयी त्यांना काय वाटत होते हे मात्र फारसे सांगत नाही. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी नियंत्रक व महालेखापाल हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले आणि त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही मोठे मानले. जनतेचा पैसा कुठे गेला हे सांगणारा माणूस स्वतंत्र असला पाहिजे, ही त्यांची धारणा होती.

धर्मस्वातंत्र्याच्या कलमातच घटनेने रेष आखली आहे. कलम २५ प्रमाणे धार्मिक आचरणाशी निगडित आर्थिक, वित्तीय वा इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन राज्य करू शकते. कलम २६ प्रमाणे संप्रदायाला मालमत्तेचा कारभार करता येतो, पण कायद्यानुसार. आरती कशी करायची हे संप्रदायाने ठरवावे. आरतीच्या ताटातला पैसा कुठे गेला हा कायद्याचा प्रश्न आहे.

मुंबई राज्यात १९३५ साली ट्रस्टांच्या नोंदणीचा कायदा आणि १९३६ साली पारशी ट्रस्टांसाठी तसाच कायदा झाला होता. पण पूर्ण यंत्रणा आली ती १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने. धर्मादाय आयुक्त हे पद, सक्तीची नोंदणी, हिशेब, ऑडिट या सर्व गोष्टी त्यात आल्या. बाजारात शेतकऱ्याचा माल घेताना व्यापारी 'धर्मादाय' म्हणून जी रक्कम कापत, तिचाही हिशेब द्यावा लागेल असे कलम त्यात आहे. जोतीरावांना हे कलम वाचून बरे वाटले असते.

या कायद्याला जैन आणि पारशी ट्रस्टांकडून आव्हान मिळाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या निकालात न्यायालयाने काही कलमे रद्द केली. धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद त्यांत होती. पण नोंदणी, हिशेब, ऑडिट ही चौकट टिकली. सरकारने देवळाचा कारभार हिसकावणे वेगळे आणि कारभाराचा हिशेब घेणे वेगळे, हे सत्तर वर्षांपूर्वी ठरलेले आहे. "हिशेब मागणे म्हणजे धर्मात ढवळाढवळ" असे आज जे म्हणतात, त्यांनी हा निकाल वाचावा.

आता या चांगल्या कायद्यातली जुनी गाठ पाहा. १९५० च्या कायद्यातही 'हितसंबंधी व्यक्ती'ची व्याख्या आहे. देवळाच्या बाबतीत जो पूजेला हजर राहण्यास हक्कदार आहे किंवा नेहमी हजर राहतो तो. मठाच्या बाबतीत त्याचा शिष्य किंवा त्या संप्रदायाचा माणूस. १८६३ ची शब्दकळा जवळपास तशीच उतरली. १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याने दार उघडले होते, म्हणून या व्याख्येत आमची माणसे कागदावर तरी आली. पण करदाता आणि देवस्थानाची जमीन कसणारा माणूस यांचा उल्लेख त्या व्याख्येत नाही.

कुळाचे काय झाले?

कसणाऱ्या माणसाचा मुद्दा आम्ही मुद्दाम काढला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. कुळकायद्याप्रमाणे त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. पण त्याच कायद्याच्या कलम ८८ ब ने सार्वजनिक पूजास्थानांच्या ट्रस्टच्या जमिनी कुळाच्या या खरेदीहक्कातून वगळल्या. अट दोन प्रकारची होती: ट्रस्ट नोंदलेला असावा आणि जमिनीचे संपूर्ण उत्पन्न ट्रस्टच्याच कामासाठी खर्च होत असावे. कलेक्टरने चौकशी करून तसा दाखला दिला की तो निर्णायक पुरावा.

म्हणजे एका कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन त्याची होणार की नाही, हे ट्रस्टच्या वहीवर ठरणार. उत्पन्न खरेच देवाच्या कामाला लागले की विश्वस्तांच्या घरी गेले, हे त्या वहीत दिसणार. आणि ती वही कुळाला घरबसल्या पाहता येत नाही. दाखल्याला हरकत घ्यायला लागणारा पुरावा ज्याच्याकडे आहे, तोच समोरचा पक्षकार. आर्थिक पारदर्शकता हा शब्द शहरी चर्चासत्रातला वाटतो. देवस्थानाच्या कुळाला विचारा, तो सातबाऱ्यावरच्या नावाइतका खरा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले तेव्हा मागणी हीच होती की कसणाऱ्या हाताला जमीन हवी.

पंढरपूरचेही उदाहरण घ्या. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. आत बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क आणि विठोबाच्या पायावर पडणाऱ्या उत्पन्नात त्यांचे वाटे. दारे उघडावीत म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. उत्पन्नाचे हक्क काढण्यासाठी नाडकर्णी आयोग बसला, १९७३ मध्ये कायदा झाला, आणि कोर्टकज्जे संपायला जानेवारी २०१४ उजाडले. दर्शनाचा हक्क मिळून सदुसष्ट वर्षे झाल्यावर उत्पन्नाचा प्रश्न सुटला. दार उघडणे त्या मानाने सोपे होते. पेटी उघडायला पिढ्या गेल्या.

धर्म सोडला, नागरिकत्व नाही

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण बौद्ध झालो. त्या दिवसापासून 'तुम्ही कोण विचारणारे' हा प्रश्न नव्या धारेने येतो. पूर्वी आत घेत नव्हते म्हणून आम्ही हितसंबंधी नव्हतो. आता आम्ही जात नाही म्हणून नाही. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच.

म्हणूनच आमचे म्हणणे आहे की हिशेबाचा हक्क दर्शनाच्या हक्कापासून सोडवला पाहिजे. तो श्रद्धेवर नव्हे, करमाफीवर उभा राहिला पाहिजे. माफी घेताना ट्रस्ट भक्तांपुरती मर्यादित राहत नाही, ती सगळ्या जनतेकडून घेते. मग जबाबदारी भक्तांपुरतीच कशी?

आज उलट दिशेने जाणे चालू आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने ट्रस्टला नोंदणी, उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टावर खर्च, विश्वस्तांच्या नातलगांना लाभ नको, अशा अटी घातल्या, हे खरे. पण २००६ साली निनावी देणग्यांवर ३० टक्के कर आला तेव्हा काय झाले? गरीब मुलांची शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला ठराविक मर्यादेपुढच्या निनावी देणगीवर तो कर लागू झाला. निव्वळ धार्मिक ट्रस्टला मात्र त्यातून वगळले. ज्ञानाच्या पेटीत नाव न लिहिता टाकलेला पैसा संशयास्पद, आणि देवाच्या पेटीत टाकलेला पवित्र! काळ्या पैशाला यापेक्षा सोयीचा दरवाजा कोणता?

येथे एक प्रामाणिक आक्षेप आहे. एखादी म्हातारी दानपेटीत दहा रुपये टाकते, तिचे नाव कोण लिहिणार? बरोबर आहे. तिचे नाव आम्हाला नको. पेटी पंचांसमोर उघडावी, मोजावी, आकडा त्याच दिवशी लिहावा आणि दारावर लावावा. मोठ्या रकमांना मात्र नाव असलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप: "फक्त हिंदू देवळांनाच का विचारता?" आम्ही फक्त त्यांना विचारतच नाही. चर्च, गुरुद्वारा, मठ, दर्गा, अग्यारी, देरासर आणि विहार, माफी घेणाऱ्या प्रत्येकाला एकच नियम हवा. वक्फच्या मुतवल्लींनी कोर्टात हिशेब द्यावा असा कायदा १९२३ सालीच झाला होता. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना जे वार्षिक विवरण जाहीर करावे लागते त्यातून चर्चला सूट आहे, आणि तेथेही त्यावर वाद चालतो. इंग्लंडमध्ये मोठ्या धर्मादाय संस्थांचे हिशेब चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. त्यामुळे तेथील धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही.

यश भिक्खूचा धडा

आता आपल्या घराकडे. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत एक प्रसंग घडल्याचे विनयपिटकात आहे. उपोसथाच्या दिवशी तेथील भिक्खू काशाच्या भांड्यात पाणी भरून ठेवत आणि उपासकांना त्यात संघासाठी नाणी टाकायला सांगत. यश नावाच्या भिक्खूने उपासकांना सांगितले, देऊ नका, हे विनयात बसत नाही. भिक्खूंनी जमलेल्या पैशातला वाटा यशालाही देऊ केला. त्याने तो नाकारला. तेव्हा त्यालाच दंड केला की जाऊन उपासकांची माफी माग. तो उपासकांकडे गेला, पण माफी मागायला नव्हे. नियम काय आहे ते त्याने लोकांसमोर उलगडून सांगितले आणि लोक त्याच्या बाजूने झाले. त्यातून सातशे भिक्खूंची दुसरी संगीती भरली आणि निकाल नाणी घेण्याच्या विरोधात लागला.

संघातल्या पैशाचा प्रश्न यशाने बंद दाराआड ठेवला नाही, देणाऱ्यांसमोर नेला. ही आपली परंपरा आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा द्यायला सांगितले. विसावा हिस्सा देणारा माणूस बिगारी आहे, सफाई कामगार आहे, अंगणवाडी सेविका आहे. त्यांच्या वीस रुपयांतला एक रुपया कुठे गेला, हे विहाराच्या फलकावर दिसलेच पाहिजे. जयंती मंडळाच्या पावती पुस्तकालाही हाच नियम. जो दुसऱ्याच्या देवळाला हिशेब विचारतो, त्याच्या विहाराचा हिशेब दारावर टांगलेला असावा, म्हणजे मग कोणी तोंड बंद करू शकत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. करमाफी घेणाऱ्या प्रत्येक धार्मिक ट्रस्टने वर्षाचा ताळेबंद, जमिनींची यादी आणि कुळांची नावे मराठीत दर्शनी भागावर व संकेतस्थळावर लावावीत. आज माहिती अधिकारात अर्ज करून, आयुक्तालयाच्या पायऱ्या झिजवून जे मिळवावे लागते ते न मागता मिळावे. 'हितसंबंधी व्यक्ती'च्या व्याख्येत गावचा रहिवासी आणि देवस्थानाचे कूळ यावे, मग त्याचा धर्म कोणताही असो. निनावी देणगीवरील करातून धार्मिक ट्रस्टांना दिलेली सूट रद्द व्हावी. आणि या सर्वांची सुरुवात आपल्या विहारांनी कायद्याची वाट न पाहता येत्या वर्षावासात करावी.

तुम्ही कोण विचारणारे? ज्यांच्या साऱ्यातून दक्षिणा गेली, ज्यांच्या राबणुकीवर इनामे पोसली, ज्यांच्या करातून आजची माफी भरून निघते, ते आम्ही. तळ्याचे पाणी प्यायला आम्हाला कोणाचा भक्त व्हावे लागले नाही. वही पाहायलाही लागू नये.

जय भीम!